मेहरूणच्या अंगणातली रुगाय

३ डिसेंबर ९१, मंगळवार
जोसलिन आजही ताटात अर्धी भाकरी ठेवून उठली. "आई, पोट भरलं." भरलं कसलं! पाचवा महिना लागलाय आणि हातातल्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकतात. शेवभाजी तिखट लागते, वरण नको, दुधाचा वास येतो. बोलले असते तर चौथीच्या वर्गावर ओरडल्यासारखी बोलले असते, म्हणून भांडी आपटली. हे म्हणाले, "भांड्यांनी काय वाकडं केलंय तुझं?"

दिवाळीपासून दोघं इथं, जळगावात. अनिलला इथल्या कॉलेजात नोकरी लागली, पुण्याची खोली सोडली. पुण्यात ती शिकायला होती तेव्हा तिच्या बेटावरच्या दोन-चार पोरी तरी सोबतीला होत्या. इथं मॉरिशस कुठं आहे ते सांगता सांगता माझा जीव जातो. समोरच्या बाई विचारत होत्या, सुनेचं नवं नाव काय ठेवलं? म्हटलं, जुनं अजून फाटलं नाही.

५ डिसें., गुरु.
अनिलनं शेवटी सांगितलं. जानेवारीत जो. माहेरी जाणार, बाळंतपणाला. सातवा लागला की विमानात घेत नाहीत. बरोबरच आहे, पहिलं बाळंतपण माहेरचं. आपल्यातही तेच. मी कोण नको म्हणणारी?
पण त्याचं अजून काही राहिलं होतं. मी त्याच्या कपाळाकडे बघत राहिले, लहानपणी बघायचे तशी. मग म्हणाला, "आई, ती म्हणते, गेले की परत यावंसं वाटेल का माहीत नाही. इथं माझी भूकच मेली म्हणते."
"आणि तू?"
"मग मीपण तिकडंच…"
वाक्य तिथंच सोडून उठला. भाजी करपली.

८ डिसें., रवि.
जो.च्या डोक्याला तेल लावलं. केस असे दाट कुरळे की बोटं अडकतात. तेल लावताना माणूस बोलतं, हा माझा जुना अनुभव. आज बोलली. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, मधेच इंग्रजी. तिच्याकडे डिसेंबरात उन्हाळा असतो! नाताळला सगळं गणगोत आंब्याच्या झाडाखाली जेवायला बसतं. आणि तिची आई मोठ्या कढईत रुगाय करते. रुगाय म्हणजे टमाट्याचा दाट रस्सा, त्यात समुद्राची कोळंबी. त्यांच्या क्रिओल लोकांचं घरोघरचं जेवण. पहिला घास कुणाला, यावर भावंडांत मारामाऱ्या.
"कशी करतात?"
तर म्हणे ठाऊक नाही! आई स्वयंपाकघरातून हाकलायची, अभ्यास कर म्हणायची. घ्या. मीही अनिलला हेच केलं. दोन शहाण्या आया, आणि पोरांना चहा करता येत नाही.
आठवतं ते एवढंच: टमाटे, कांदा, लसूण, आलं, हिरवी मिरची, आणि एक सुकं पान. त्या पानाशिवाय रुगाय नाही. नाव थाइम.
मी मनात ठरवलं. २५ ला शाळेला सुटी आहेच. करायची रुगाय. निदान एक जेवण तरी पोटभर जेवून जाऊ दे पोरीला.
आता राहिले आबा.
आमचे सासरे. लहानपणी शिंदखेड्याकडच्या गावात मेलेली ढोरं ओढायला लागायची, आणि लोक टाकतील ते खायला लागायचं. दीक्षा घेतली त्या दिवशी शपथ घातली, या घराच्या भांड्यात मांस-मच्छी शिजणार नाही. पंचशील नुसतं म्हणत नाहीत, पाळतात. पहिलं शील जीवहत्या न करण्याचं, ते तर पाळतातच. चौथं खोटं न बोलण्याचं, त्यानं आम्ही बेजार. परवा विमा एजंट आला, ह्यांनी आतून खुणा केल्या, नाही म्हणून सांगा. आबा ओट्यावरून मोठ्यानं: "घरमाच शे तो. दारमांगे दपेल शे." हे दारामागून पंचा गुंडाळून बाहेर आले.

११ डिसें., बुध.
एसटीडी बूथवर गेलो. मी, जो., अनिल. म्हटलं तिच्या आईलाच विचारू. लाइन लागायला इतका वेळ की बूथवाल्यानं चहा पाजला. लागली एकदाची. जो. म्हणाली, "मामाँ." आणि पुढं नुसतं रडणं. तिकडून रडणं, इकडून रडणं, मीटरवर आकडे पळताहेत. अनिलनं फोन घेतला तर लाइन गेली.
कृती राहिली. पण परत येताना जो.नं माझा हात धरला होता. रस्ता ओलांडून झाला तरी सोडला नाही.

१४ डिसें., शनि.
आज मी मूर्खपणा केला.
आबा पारोळ्याला लग्नाला गेलेले, उद्या येणार होते. म्हटलं एकदा करून बघावी. ताजी कोळंबी कुठली जळगावात. बाजारातून सुकट आणली. मागच्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली स्टोव्ह, कढई समोरच्या बाईंची. घरातल्या भांड्याला हात लावला नाही, म्हणजे शपथ मोडली नाही, असा माझा हिशेब. जो. पाटावर बसून सांगत होती, "आई, थोडं अजून लाल." टमाटे बरे जमत होते.
सुकटीचा वास मेहरूण तळ्यापर्यंत गेला असेल. आणि आबा दारात उभे. पारोळ्याहून कुणाची तरी जीप मिळाली, लवकर आले.
ओरडले असते तर बरं झालं असतं. कढईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, हातपाय धुवायला गेले. जो. भीतीनं उभी राहिली, तिला खुणेनं म्हणाले, बस, बस. मग मला:
"चोरीछुपी कसाले रांधं? तू इचारती ते मी नहीच म्हनतू. पन इचारती ते सही."
ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला. पेपर उलटा होता.
कढईतलं सगळं तसंच उकिरड्यावर. जो.नं ना भाकरी खाल्ली ना भात.

१५ डिसें., रवि.
आबा आज ओट्यावर एकटे जेवले. रागानं नाही म्हणतात. मग कशानं?
दुपारी हिय्या केला. समोर बसले आणि सरळ विचारलं. "आबा, २५ तारखेला मागच्या अंगणात, वेगळ्या भांड्यात, सुनेच्या माहेरचं जेवण करू का? कोळंबी असेल त्यात. पोरगी जेवत नाही. गेली तर परत येणार नाही."
आबा सुपारी कातरत होते. किती तरी वेळ कातरत होते, तेवढी सुपारी कुणी खात नाही.
"पंचीस तारीखले आपला काय दिन शे, ठावकी शे ना?"
"ठाऊक आहे. महाडचा दिवस. पोथी जाळल्याचा."
"माले विहारमा बोलनं शे त्या दिन."
हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. उठून गेले. हे म्हणतात, हे नाहीच समज. मी म्हणते, नाही म्हणायचं असतं तर आबा नाही म्हणाले असते. खोटं बोलत नाहीत ना ते! मग गप्प बसणं याचा अर्थ काय ते शीलात कुठं लिहिलंय?

१७ डिसें., मंगळ.
थाइम, थाइम, थाइम. किराणावाला म्हणतो टाइम काय विचारता बाई, घड्याळ समोर आहे. वैद्यांकडे गेले, ते म्हणाले लॅटिन नाव सांगा. आता ते कुठून आणू, माझ्या आजीकडून?

संध्या.: अहाहा! लिहिल्याशिवाय राहवत नाही.
जो.चं पोट फुगलं होतं. मी नेहमीप्रमाणे ओवा घेतला, तळहातावर चोळला, फुंकर मारली आणि तिच्यापुढं धरला, चावून खा म्हटलं. तिनं तोंडात टाकलाच नाही. माझा हात दोन्ही हातांनी धरून नाकाशी नेला आणि डोळे मिटून उभी राहिली.
"आई, हे काय आहे?"
"ओवा. पोटासाठी."
"हाच वास, आई! आमच्या घरचा. थोडा वेगळा, पण हाच."
मी गावभर हिंडत होते आणि हा माझ्या मिसळणाच्या डब्यात बसलेला! काखेत कळसा. खूप हसले. तीही हसली, दात दिसेपर्यंत. मग ओवा खाल्ला. वर गरम पाणी. वर आपणहून मागून अर्धी भाकरी.

२० डिसें., शुक्र.
शाळेत प्रकाशचा फोन, धुळ्याहून. माझा धाकटा भाऊ, हायवेला गॅरेज आहे त्याचं. कोळंबीसाठी त्यालाच निरोप धाडला होता. सुरतेचे ट्रक त्याच्या दारातूनच जातात. "अक्का, काय काळजी करू नको. माझा ड्रायव्हर आहे एक, बर्फात घालून आणतो कोळंबी. मी स्वतः घेऊन येतो २५ ला सकाळी." त्याचा आवाज ऐकूनच मला काळजी वाटायला लागली. प्रकाशनं मनापासून केलेलं काम नेहमी जरा जास्तच होतं.
घरी आले तर मागच्या अंगणात आबा. पेरूखाली विटा मांडत होते. तीन विटा, मधे राख, वाऱ्याला आडोसा म्हणून पत्रा. मला बघून एवढंच: "वारा इकडथाईन येस. धूर घरमा जावाले नको." 
चूल! आबांनी स्वतः चूल मांडली! ह्यांना सांगितलं तर ह्यांनी चष्मा पुसला.

२४ डिसें., मंगळ.
थंडी मरणाची. जो. दोन स्वेटर घालून बसलीय, म्हणते नाताळला स्वेटर म्हणजे मला विनोद वाटतो. अनिल उद्या सकाळी तिला चर्चमध्ये नेणार. बामणोदची भरिताची वांगी आणली, हिरवीगार, पांढऱ्या रेघांची, एकेक वांगं पोराएवढं. आबांसाठी भरीत आणि कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी घरातल्या चुलीवर होईल. ते ओट्यावर जेवतील, आम्ही मागं. ठीक आहे. सगळंच एका दिवसात कसं होईल.
प्रकाशचा पत्ता नाही. फोनही नाही.

२५ डिसें., बुध.
हात दुखतोय पण आजचं आजच लिहिते.

सकाळी प्रकाश आला, बरोबर पत्र्याचा मोठा डबा. चेहरा असा की गड जिंकून आलाय. "अक्का, उघड." उघडला.
आत बर्फ नाही. आत काळा मसाला!
या शहाण्यानं काय करावं? सुरतेहून बर्फातली कोळंबी धुळ्याला नीट पोचली. तिथं ह्याच्या मनात आलं, जळगावपर्यंत खराब झाली तर? म्हणून गावाला मटण नेताना आपण करतो तेच केलं. हळद, मीठ, आणि भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचा काळा मसाला चोळला आणि तेलावर चांगली परतून आणली. वर म्हणतो, "आणि ती डोकी-बिकी सगळी काढून फेकली, स्वच्छ केली एकदम."
मी खाली बसले. पंधरा दिवस जिच्यासाठी जीव टाकला ती कोळंबी शेवभाजीच्या रंगाची होऊन आली. "अरे गाढवा, कुणी सांगितलं होतं तुला?" प्रकाशचं तोंड एवढंसं. म्हणाला, "अक्का, मला वाटलं पोरीला काही कमी पडायला नको." माझ्याच आईचा मुलगा तो.

तेवढ्यात चर्चमधून जो. आणि अनिल आले. जो.नं डब्यात डोकावून बघितलं. तिनं एक उचलली, वास घेतला, खाल्ली. मग दुसरी. मग पदर तोंडावर धरला, मला वाटलं रडतेय. हसत होती! हसता हसता प्रकाशला म्हणाली, "मामा, कोळंबी घाबरून काळी पडली."
आणि पदर खोचून म्हणाली, "आई, चुलीवर कढई ठेवा. आज मी."

मग मी आमच्या घरात पहिल्यांदा कुणाच्या हाताखाली काम केलं. कांदा चिरला तर म्हणे बारीक. टमाटे तिनं हातानंच कुस्करले. लसूण, आलं, मिरची. ओवा मोजून नाही, चिमटीनं, वास घेत घेत. पुन्हा थोडा. पुन्हा थांबून डोळे मिटायची, कुठल्या तरी आंब्याखाली जाऊन यायची. मला राहवेना, म्हटलं तर्री येईपर्यंत उकळू दे ना. डाव माझ्या हातातून काढून घेतला! सासूच्या हातातून! मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

आणि मग तिनं जे केलं ते कुणी शिकवलं नव्हतं. टमाट्याचा रस्सा दाट झाला, आता कोळंबी घालायची. तर आधी थांबली, घरातून आबांची पितळी वाटी घेऊन आली, तीत तो नुसता रस्सा काढला, झाकण ठेवलं, वाटी लांब, चुलीपासून दूर पायरीवर ठेवली. हात धुतले. मग कढईत कोळंबी.
मी म्हटलं, "आबा ओट्यावर जेवतील गं."
"हो. तिथं द्या. ह्यात काही नाही."

बारा-साडेबाराला आबा विहारातून आले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, आवाज बसलेला, म्हणजे भाषण झालं होतं जोरात. मी ओट्यावर त्यांचं ताट वाढलं. भरीत, भाकरी, कांद्याची पात, आणि ती वाटी.
"हाई काय शे?"
सांगितलं. कोळंबी घालण्याआधीच काढलेला रस्सा. घरचीच वाटी, पण तिनं आधीच काढून ठेवला.
आबा वाटीकडे बघत राहिले. मग ताट उचललं. मला वाटलं, संपलं. ताट घेऊन ते घरातून आरपार चालत मागच्या अंगणात गेले. मी मागोमाग. सगळे पंगतीला बसलेले, ते आबांना बघून उठायला लागले. आबा म्हणाले,
"कोनी कोनासंगे जेवानं, हाई लिखेल पोथी आजनाच दिन जाळी व्हती. आते तेच सांगी आनू विहारमा. आनि घर ईसन मी निराळा बसू का? सरक रे."
अनिल सरकला. आबा जो.शेजारी बसले. तिच्या ताटात कोळंबी, त्यांच्या ताटात भरीत.
हे उठून उगाच पाणी आणायला गेले, माठ भरलेला असताना.

आबांनी भाकरीचा तुकडा वाटीत बुडवला. खाल्ला. सगळे त्यांच्या तोंडाकडे.
"ओवा जास्ती व्हई गया," म्हणाले. आणि पुढचा घास घेतला. वाटी पुसून संपवली.

जो. किती जेवली ते लिहीत नाही, दृष्ट लागेल. शेवटी आबांच्या ताटातल्या भरिताकडे बघायला लागली. मी वाढलं. रुगाय आणि भरीत एकत्र कालवून कळण्याच्या भाकरीशी! समुद्र आणि बामणोदचं वांगं! पण पोरगी बोटं चाटत होती. म्हणाली, तिच्या आईच्या रुगायसारखी अजिबात झाली नाही. पण ही वेगळी, ही पण चांगली. प्रकाश म्हणतो, "मसाला कुणाचा?" दिला एक धपाटा.

२६ डिसें., गुरु.
जो.ची पोटदुखी वगैरे काही नाही. मलाच अपचन. ओवा खाल्ला.
समोरच्या बाईंना कढई परत करताना वाटीभर दिली. विचारतात, काय हो हे? म्हटलं सुनेच्या माहेरचं. नाव नाही विचारलं आज. रुगाय काय आणि जोसलिन काय, जिभेला सवय लागली की लागली.
चूल आबांनी मोडली नाही. विटा तशाच आहेत.

२८ डिसें., शनि.
अनिल २ तारखेला मुंबईला जाणार, तिकिटाचं पक्कं करायला. मी विचारलं, "काय म्हणते?" तो म्हणाला, "काहीच म्हणत नाही. आधी रोज म्हणायची, कधी जातोस, कधी जातोस."
मी थांब म्हणणार नाही. तिची आई तिथं फोनवर रडली ते मी ऐकलंय. माझी मुलगी असती तर मी तिला कुणाच्या अंगणात राहू दिलं असतं का? पण ती राहिली तर… नको. लिहिलं की दृष्ट लागते.
आज तीन भाकरी. मोजल्या मी, मास्तरीण आहे शेवटी.

३१ डिसें., मंगळ.
सकाळी ऊन चांगलं होतं. अंगणात मी तुराट्यांवर वांगी भाजत होते, जो. साल काढत होती, बोटं भाजली की फू फू करत होती. आबा पलीकडे खाटेवर, ऊन खात. आमच्याकडे पाठ.
एकदम विचारते, "आई, ही वांगी कधीपर्यंत मिळतात?"
माझा हात थांबला. तिचा दिवस एप्रिलचा. चैत्र-वैशाखात बाळ. आणि भरिताची वांगी होळीपर्यंत, फार फार तर. पुढे नुसत्या बिया, कडवट. हे जळगावातलं शेंबडं पोरही सांगेल. काय सांगू? खरं सांगितलं तर वाटेल जा म्हणतेय. खोटं सांगायला माझी जीभ रेटेना, समोर बसलेत ना चालतंबोलतं पंचशील!
"होळी…" असं मी म्हटलं फक्त.
तर खाटेवरून, मान न वळवता, आबा:
"तिले सांग, चैत-वैशाखमा बी भेटतस! गोड भेटतस!"
मी वळून बघितलं. त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली होती.
"आबा!" म्हटलं. "चौथं शील!"
"मी झोपेल शे," म्हणाले.
जो.ला काय कळलं, किती कळलं, देव जाणे. वांग्याचं साल काढत हळूच हसत होती. अनिलची परवाची मुंबईची बॅग अजून भरलेली नाही. मी आठवण करणार नाही.